डब्यावरचे नाव आणि डब्यातला माल

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

गाडी खोलून झाली, बिघाड सापडला, की गॅरेजमध्ये मालकापुढे एक प्रश्न ठेवला जातो : "ओरिजिनल घालायचा का डुप्लिकेट?" मालक खिसा चाचपतो, क्षणभर आभाळाकडे बघतो आणि दोहोंपैकी एक शब्द उच्चारतो. 'ओरिजिनल' म्हणणारा तो शब्द चारचौघांना ऐकू जाईल असा म्हणतो. 'डुप्लिकेट' म्हणणाऱ्याचा आवाज मात्र खाली येतो. जणू काही तो कोणाची तरी फसवणूक करीत आहे. वस्तुतः हा प्रश्नच चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि प्रश्न चुकीचा असल्यामुळे उत्तरेही चुकतात. कोणी हजाराच्या जागी तीन हजार मोजतो, तर कोणी दोनशे रुपये वाचवायला जाऊन घाटात दहा माणसांचा जीव टांगणीला लावतो.

वार्षिकांकात कविता, प्रवासवर्णने, 'आजचा तरुण कोठे चालला आहे?' असे लेख शोभतात. गाडीच्या सुट्या भागांवर कोणी लिहीत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यातून मी कलाशाखेची, त्यातून मुलगी. तेव्हा 'हिचा आणि क्लच प्लेटचा संबंध काय?' असे काही वाचकांच्या मनात येईल. संबंध पोटाचा आहे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, मलकापूर ते साखरपा या रस्त्यावर वडापची गाडी चालवतात. (वडाप कायदेशीर की बेकायदेशीर हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, शेवटची एस.टी. चुकल्यावर वडापने घरी गेलेल्यांनी त्यावर फार बोलू नये.) आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. अण्णांना सही करण्यापुरतेच लिहिता येते. त्यामुळे आठवीत असल्यापासून गाडीच्या खर्चाची वही माझ्याकडे आहे. डिझेल, बँकेचा हप्ता, विमा, पासिंग, आणि या सगळ्यांच्या मधून उंदरासारखे कुरतडत जाणारे एक कलम : 'सामान'. या एका शब्दात काय काय दडलेले असते ते कळावे म्हणून मी मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये उभी राहू लागले, आणि जे पाहिले-ऐकले त्यावरून हे मत बनले आहे.

पहिली गोष्ट अशी की, ज्या कंपनीचे नाव गाडीच्या नाकावर असते ती कंपनी गाडीतले बहुतेक भाग स्वतः बनवतच नाही. ती इंजिन जुळवते, सांगाडा बनवते, सगळे एकत्र आणून गाडी उभी करते. पण ब्रेक एकाचे, क्लच दुसऱ्याचा, दिवे तिसऱ्याचे, बेअरिंग चौथ्याचे. पुण्याच्या भारत फोर्जमध्ये घडवलेले क्रँकशाफ्ट अनेक कंपन्यांच्या इंजिनांत फिरत असतात. डिझेल पंप आणि स्पार्क प्लग बनवणारी बंगलोरची मोटार इंडस्ट्रीज कंपनी १९५१ साली सुरू झाली. २००८ पासून तिचे नाव बॉश झाले, तरी आमचे मिस्त्री अजून 'मायकोचा प्लग' असेच म्हणतात. म्हणजे तोच भाग, त्याच कारखान्यातला, कधीकधी त्याच साच्यातला, दोन वाटांनी बाजारात येतो. एक वाट मोटार कंपनीच्या गोदामातून, तिच्या खोक्यातून, तिच्या शोरूममधून. दुसरी वाट भाग बनवणाऱ्याच्या स्वतःच्या खोक्यातून, पेठेतल्या दुकानातून. पहिल्या वाटेवर गोदामाचा, वाहतुकीचा, शोरूमच्या फरशीचा आणि नावाचा असा सगळा खर्च चढतो. तो सगळाच अन्याय्य असतो असे मी म्हणणार नाही. जुन्या गाडीचाही भाग कंपनीला वर्षानुवर्षे साठवून ठेवावा लागतो, भाग वाईट निघाला तर बदलून द्यावा लागतो, आणि त्याला पैसे पडतात. पण दुसऱ्या वाटेने आलेल्या भागाला 'डुप्लिकेट' म्हणायचे कोणत्या न्यायाने?

या दोन वाटांखेरीज तिसरा प्रकार आहे. मोटार कंपनीला कधीही माल न पुरवणारे, पण स्वतःच्या नावाने, स्वतःच्या जबाबदारीवर भाग बनवून विकणारे कारखाने. यांना 'आफ्टरमार्केट' म्हणतात. यांच्यात चांगले आहेत, बरे आहेत, आणि टाकाऊही आहेत. जसे कोणत्याही धंद्यात असतात. चौथा प्रकार बनावट मालाचा : खोका दुसऱ्याचा, नाव दुसऱ्याचे, आत कोणाचा माल ते देव जाणे. पाचवा भंगारातून काढलेला जुना भाग. आता या पाचांपैकी पहिला सोडला तर उरलेल्या चारांना आपण एकाच शब्दाच्या पोत्यात कोंबतो. ज्याने प्रामाणिकपणे स्वतःचे नाव घालून भाग बनवला तो आणि ज्याने दुसऱ्याचे नाव चोरले तो, दोघेही 'डुप्लिकेट'. चोर आणि शेजारी यांना एकच शब्द असलेली भाषा त्या घराचे रक्षण कसे करणार?

'डुप्लिकेट'चा एक सौम्य भाऊ आहे, तो म्हणजे 'लोकल'. या शब्दाचा मला विशेष राग येतो. कोल्हापुरात तो शब्द शिवीसारखा वापरला जावा याला काय म्हणावे? शेतीच्या ऑईल इंजिनांचे ओतकाम करता करता इथल्या फाउंड्र्या वाढल्या. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या भट्ट्यांतून निघालेले ओतीव भाग देशातल्या मोटार कंपन्यांकडे जातात, तिथे गाडीत बसतात आणि 'ओरिजिनल' होऊन परत येतात. आमच्या गावातली कितीतरी मुले त्या भट्ट्यांवर कामाला आहेत. त्यांच्या हातचा भाग पुण्याला जाऊन आला की अस्सल, आणि थेट शिरोलीहून आला की लोकल! (कॉलेजच्या पहिल्या वर्षी माझ्या बोलण्यालाही कोणी 'लोकल' म्हटले होते. ते असो.)

नावावरून माल ओळखता येत नाही, तर मग कशावरून ओळखायचा? मिस्त्रींनी मला एकदा हे प्रत्यक्ष दाखवले. त्यांच्या बाकावर तीन ऑईल फिल्टर होते. एक गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला. दुसरा फिल्टरच बनवणाऱ्या एका नावाजलेल्या कारखान्याचा, किंमत जवळजवळ निम्मी. तिसरा दिसायला हुबेहूब पहिल्यासारखा, खोक्यावर तेच नाव, तोच रंग. तो एका गिऱ्हाइकाने स्वतः कुठूनतरी स्वस्तात आणला होता. मिस्त्रींनी तिन्हींचे पत्रे हॅकसॉने कापले. आत घड्या घातलेला कागद असतो, त्यातून तेल गाळले जाते. ते कागद त्यांनी बाकावर उलगडून पसरले. पहिला आणि दुसरा बाकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, त्यांच्यात बोटभराचाही फरक नव्हता. तिसरा मध्येच संपला. आणखी एक. फिल्टरच्या तोंडाशी रबराची एक पातळ चकती असते. इंजिन बंद केल्यावर तेल मागे वाहून जाऊ नये म्हणून. सकाळी गाडी सुरू केली की पहिल्या क्षणापासून तेल मिळावे, कोरडे घासू नये, हे तिचे काम. पहिल्या दोहोंत ती होती. तिसऱ्यात नव्हतीच. शिवाय कागद कचऱ्याने तुंबला तर तेलाला दुसरी वाट मोकळी करून देणारी एक झडप असते. तिसऱ्यात तिच्या जागी नुसता पत्रा दाबून ठेवला होता. "आता सांग," मिस्त्री म्हणाले, "ह्यातला डुप्लिकेट कंचा?"

मला वाटते, कोणत्याही व्याख्यानापेक्षा ते तीन कागद जास्त बोलत होते. परंतु यातली अडचणही तिथेच आहे. फिल्टर कापल्यावर कळला. पण कापलेला फिल्टर कोण गाडीत बसवणार? गिऱ्हाइकाला तर बंद खोकाच विकत घ्यावा लागतो.

अर्थशास्त्राच्या तासाला आम्हांला जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाच्या १९७० सालच्या निबंधाविषयी सांगण्यात आले. त्याचा विषय जुन्या मोटारींचा बाजार. फसव्या, रडतखडत चालणाऱ्या गाडीला तिकडे 'लेमन', म्हणजे लिंबू, म्हणतात. विकणाऱ्याला आपली गाडी लिंबू आहे की नाही हे ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा कोणत्याही गाडीला मधलीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो, आणि हळूहळू बाजारात लिंबेच उरतात. या विचाराबद्दल अकेरलॉफना २००१ साली आणखी दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. तास चालू असताना माझ्या डोळ्यांपुढे मिस्त्रींचा बाक होता. सुट्या भागांच्या बाजारात नेमके हेच होते. गिऱ्हाईक सगळ्यांनाच 'डुप्लिकेट' म्हणते, सगळ्यांनाच पडेल भाव मागते. मग पुरा कागद घालणारा कारखानदार अर्धा कागद घालणाऱ्यापुढे टिकणार कसा? शब्दांच्या आळशीपणामुळे चांगला माल बाजारातून उठतो, हे मला त्या तासाला पटले.

बनावट मालाला कायद्याने शिक्षा आहे. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यान्वये खोटी नाममुद्रा लावणाऱ्याला कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षे कैद होऊ शकते. पण कायदा खोक्याच्या मागे धावतो तोवर खोका फिटरच्या हातून भंगारवाल्याकडे आणि तिथून पुन्हा भरायला गेलेला असतो. म्हणूनच आमचे मिस्त्री भाग बसवला की रिकामा खोका चार तुकडे करून फाडतात, आणि लेबल वेगळे चुरगळतात. गिऱ्हाइकासमोर. इतकी साधी गोष्ट, पण ती करणारी गॅरेजे मी फारशी पाहिली नाहीत.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. कोणता भाग कुठल्या प्रकारचा घ्यावा? माझ्या मते खोक्यावरचे नाव किंवा किंमत यांच्याही आधी विचारायला हवे ते हे : हा भाग ऐन वेळी निकामी झाला तर काय होईल?

आंबा घाट उतरताना मी अण्णांच्या शेजारी पुष्कळदा बसले आहे. गाडी भरलेली असते, म्हणजे जितकी भरू नये तितकी. अण्णा दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ठेवतात, कारण नुसत्या ब्रेकवर घाट उतरला तर ब्रेक तापतात. ब्रेक तापले की ती उष्णता ब्रेक ऑईलपर्यंत जाते. हे तेल हवेतली ओल शोषून घेते, आणि ओल धरली की ते लवकर उकळते. नवे, कोरडे असताना 'डॉट ३' प्रकारचे तेल निदान २०५ अंशांपर्यंत आणि 'डॉट ४' निदान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये असा दंडक आहे. जुने, ओलसर झालेले तेल त्याच्या कितीतरी खाली उकळते. तेल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पायाखालचे पेडल सरळ फळीला जाऊन टेकते आणि चाके फिरतच राहतात. अशा ठिकाणी कोणाच्या तरी अर्धवट उघड्या डब्यातले सुटे ब्रेक ऑईल स्वस्त पडते म्हणून घालायचे? किंवा मागच्या चाकाच्या सिलिंडरचे रबर, जे गळू लागले की ब्रेक अर्धे होतात, ते बिननावाचे घ्यायचे?

दोन वर्षांपूर्वी हाच प्रसंग आमच्यावर आला. मागच्या चाकातून तेल गळत होते. दुकानात रबर किटचे तीन भाव होते. अण्णांनी तिन्ही हातांत घेऊन पाहिले, आणि सर्वांत महागाचे, गाडीला मुळात ब्रेक पुरवणाऱ्या कारखान्याचे, किट घेतले; वर दोन्ही चाकांचे लायनर बदलले आणि ब्रेक ऑईल सीलबंद डब्यातले नवे घातले. त्या महिन्यात माझी परीक्षेची फी भरायची होती. ती विलंबशुल्कासह भरली. घरात त्यावर कोणी चर्चा केली नाही. ब्रेक, स्टिअरिंगचे टाय रॉड आणि बॉल जॉइंट, टायर, सीटबेल्ट, नव्या गाड्यांतली एअरबॅग. इथे घासाघीस नाही, हा अण्णांचा नियम आहे आणि तो मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र याचा अर्थ गाडीच्या कंपनीचाच खोका हवा असा नाही. त्या कंपनीला जो कारखाना माल देतो त्याचा माल, ओळखीच्या दुकानातून, पक्क्या बिलावर घेतला तरी तो तितकाच विश्वासाचा. आमचे ब्रेकचे किट तसेच होते.

दुसरा विचार मजुरीचा. क्लच प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो; दिवस मोडतो, मजुरी लागते, गाडी उभी राहते ते वेगळे. भाग स्वस्त घेतला आणि चार महिन्यांत पुन्हा तीच कसरत करावी लागली, तर वाचलेले पैसे दुप्पट होऊन जातात. म्हणून एकदा उघडलेच आहे तर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगसकट चांगलेच घालावे. ज्या इंजिनांत टायमिंग बेल्ट असतो त्यांत तर पट्टा तुटला की पुष्कळदा व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. काही शेकड्यांच्या पट्ट्यापायी इंजिनाचे डोके उघडावे लागते. असल्या भागांची किंमत ही त्या भागाची किंमत नसतेच.

आणि याउलट साईड मिरर, बंपर, दाराचे हँडल, मडगार्ड, वायपरचा दांडा, पायातली रबरे! यांच्यासाठी कंपनीचा खोका मागणे म्हणजे शेणी थापायला शालू नेसणे. आमच्या गाडीचा डावा आरसा भंगारातल्या दुसऱ्या गाडीचा आहे. त्याच्या कडेला थोडा निळा रंग आहे, गाडी पांढरी. मागून येणारा ट्रक त्यात स्वच्छ दिसतो.

अर्थात नवी, वॉरंटीतली गाडी असेल तर गोष्ट निराळी. तिथे कंपनीचाच भाग, कंपनीच्याच शोरूममध्ये घालावा. उगाच वादाला निमित्त देऊ नये.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, इतकी डोकेफोड कशाला? सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जावे, ते सांगतील तो भाग घालावा, बिल द्यावे, निर्धास्त व्हावे. आमच्या एका सरांनीही मला हेच सांगितले. त्यांच्या दृष्टीने ते बरोबर आहे. त्यांची गाडी रविवारी चालते. आमची गाडी चालली नाही तर रविवार येत नाही. सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात. तिथे गाडी नेली की दिवस गेला, भाग आला नसेल तर दोन दिवस गेले. शिवाय तिथे पैसे रोख लागतात. मिस्त्री उधार ठेवतात, आणि उधारीवर जगणाऱ्या माणसाच्या बाबतीत एक गोष्ट कोणी लक्षात घेत नाही : उधार घेणारा भाग निवडत नाही, दुकानदार त्याच्यासाठी निवडतो. समोर तीन खोके असले तरी उधारीवाल्याला तिसराच मिळतो. त्याला अडाणी म्हणणे, 'स्वस्ताच्या मागे लागतात हे लोक' असे म्हणणे, हे मला अन्यायाचे वाटते. त्याने स्वस्त निवडलेले नसते. त्याच्यापुढे तेवढेच ठेवलेले असते.

तसेच फिटरचे. दुकानदार फिटरला सामानावर कमिशन देतो, आणि बिननावाच्या मालावर ते जास्त असते, हे आमच्या भागात उघड गुपित आहे. मग आपण फिटरला लबाड म्हणतो. पण चार तास गाडीखाली झोपून काम केलेल्या माणसाला मजुरी देताना आपण पन्नास रुपये कमी करतो, आणि तेच पन्नास त्याने सामानातून काढले की बोंब मारतो, याचा विचार कोण करणार? मजुरी पुरी द्यावी आणि सामान स्वतः दुकानात जाऊन, बिल घेऊन आणावे. अण्णा तसे करू लागल्यापासून मिस्त्री आपण होऊन सांगतात, "अण्णा, हे कंपनीचं घेऊ नका, उगं पैसं घालवाल." कमिशनवरचा माणूस असे कधी सांगेल काय?

मोठ्या कंपन्यांविषयीही बोलायला हवे. नाहीतर सगळा दोष पेठेतल्या दुकानदाराच्या माथी मारल्यासारखे होईल. शमशेर कटारिया या ग्राहकाने २०११ साली भारतीय स्पर्धा आयोगाकडे तीन मोटार कंपन्यांविरुद्ध तक्रार केली. त्यांचे अस्सल सुटे भाग खुल्या बाजारात मिळतच नाहीत, स्वतंत्र गॅरेजवाल्यांना ते आणि दुरुस्तीची माहिती दिली जात नाही, त्यामुळे मालकाला शोरूमशिवाय गती राहत नाही, असा तिचा आशय. चौकशी वाढत गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा कंपन्यांना दोषी ठरवून एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. भाग बनवणाऱ्या कारखान्यांना ते खुल्या बाजारात विकण्यास मज्जाव करू नये, दुरुस्तीची माहिती उपलब्ध करावी, आणि बाहेरच्या गॅरेजात गाडी दुरुस्त केली एवढ्याच कारणाने वॉरंटी रद्द करू नये, असेही आयोगाने बजावले. कंपन्या पुढे न्यायालयात आणि अपिलात गेल्या, दंडाच्या रकमेवरून पुष्कळ काथ्याकूट झाला. मला रकमेशी कर्तव्य नाही. मला एवढेच दिसते की, जो माणूस आपल्याला सांगतो 'फक्त ओरिजिनल वापरा, बाहेरचे धोक्याचे', तोच माणूस बाहेरच्याला ओरिजिनल मिळू देत नव्हता. गिऱ्हाइकाला नकली मालाच्या दारात ढकलण्याचे थोडे श्रेय त्यालाही द्यायला नको काय?

इतर देशांत हा प्रश्न पूर्वीच उभा राहिला. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याप्रमाणे, अमुक नावाचाच भाग वापरला पाहिजे अशी अट घालून वॉरंटी बांधून ठेवता येत नाही. सूट हवी असेल तर खास परवानगी घ्यावी लागते. युरोपात २००२ च्या नियमांनी 'मूळ सुटा भाग' या शब्दाची व्याख्याच मोठी केली : मोटार कंपनीच्या मापाने आणि दर्जाने बनवलेला भाग पुरवठादाराच्या स्वतःच्या खोक्यातून आला तरी तो मूळच. म्हणजे जो शब्दांचा घोळ मी वर सांगितला तो त्यांनी कायद्याने निस्तरला. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याचे पोर्टल सुरू केले. शेती अवजारे, मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू व मोटारगाड्या ही त्याची चार क्षेत्रे. सुट्या भागांवरचा जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे. त्याआधी बहुतेक भागांवर तो २८ टक्के होता. बिलाशिवाय माल घेण्याचा मोह त्याने थोडा तरी कमी व्हावा, कारण 'बिल पाहिजे का बिनबिलाचं?' हा गॅरेजमधला दुसरा प्रश्न आहे, आणि बिनबिलाच्या मालाची तक्रार ग्राहक आयोगापुढे टिकवणे अवघड जाते.

मात्र काळ मिस्त्रींच्या बाजूने नाही. नव्या गाड्यांत भाग नुसता बसवून चालत नाही. अनेक नव्या डिझेल इंजिनांच्या इंजेक्टरवर एक संकेतांक कोरलेला असतो. इंजेक्टर बदलला की तो आकडा इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवावा लागतो, नाहीतर डिझेलचे माप चुकते. म्हणजे अस्सल भाग, पक्के बिल, चांगला कारागीर, सगळे असूनही काम अडते. गेल्या दिवाळीला मिस्त्रींनी हप्त्यावर एक स्कॅनर घेतला. त्यावरची सगळी अक्षरे इंग्रजी. त्यामुळे शनिवारी मी गावी गेले की तास-दीड तास त्यांच्याजवळ बसून ती वाचून दाखवते, आणि त्यांचा आय.टी.आय.ला असलेला मुलगा वहीत मराठीत लिहून घेतो. बहुतेक गाड्यांचे पान उघडते. काही नव्या गाड्यांचे उघडत नाही. पडद्यावर 'अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा' अशा अर्थाची ओळ येते. त्या गाड्या मिस्त्री कोल्हापूरला पाठवून देतात, आणि तपासायला लावलेल्या वेळाचे पैसे घेत नाहीत.